निंबांवरची माणसं

ज्यानं अकोल्याच्या वैशाखात भर दुपारी पायी चालून पाहिलं नाही, त्याच्याशी मी उन्हाबद्दल बोलत नाही. अमरावतीला माझ्या शाळेत पुण्याकडच्या एक बाई बदलून आल्या होत्या. मार्चातच पदरानं वारा घेत म्हणायच्या, किती उकडतंय हो. मी म्हणायची, हे उकडणं नाही बाई, ही नुसती तोंडओळख आहे. त्या मला तुसडी समजायच्या. असेनही मी तुसडी. पण आमच्या घरात ऊन हा गप्पांचा विषय नव्हता. आमच्या घरातलं एक माणूस उन्हानं नेलं होतं.

आम्ही जठारपेठेच्या अगदी टोकाला राहायचो. बाबा पेंटर होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. माय डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. मिल गावाबाहेर होती आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बाजूनं बारा निंब होते. कोणी लावले, कधी लावले, कोणालाच माहीत नव्हतं. एका झाडाची सावली संपायच्या आत दुसऱ्याची सुरू व्हायची. बारावा निंब संपला की मात्र मिलच्या फाटकापर्यंत साधं झुडूपही नव्हतं. डांबर उकळल्यासारखं मऊ व्हायचं आणि बायांच्या चपला त्यात रुतून बसायच्या.

मी अकरा वर्षांची असताना एका शनिवारी मिल मध्येच बंद पडली. बायांना भर दुपारी सुट्टी मिळाली. बाकीच्या बाया फाटकाच्या आत, पोत्यांच्या छपरीत ऊन उतरायची वाट पाहत थांबल्या. माय थांबली नाही. मला ताप होता, म्हणून तिला घरी यायची घाई होती. बारावा निंब वीस-पंचवीस पावलांवर राहिला असताना ती रस्त्यात बसली आणि मग आडवी झाली. लोकांनी तिला उचलून निंबाच्या सावलीत आणलं, कांदा फोडून नाकाशी धरला, तळपायांना चोळला. बाबा पोचले तेव्हा ती होती म्हणतात, पण बोलली नाही. माझा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तो उतरला याचा मला कितीतरी वर्षं राग येत राहिला.

बाबा रडताना मला दिसले नाहीत. पावसाळा लागल्यावर त्यांनी बाराव्या निंबाच्या पुढे रोपं लावायला सुरुवात केली. दर रविवारी बादलीनं पाणी घालायचे. बकऱ्यांनी पहिल्या वर्षीची खाल्ली, दुसऱ्या वर्षीची खाल्ली, तिसऱ्या वर्षी बाबांनी काट्यांचं कुंपण केलं तर काटे कोणीतरी चुलीला नेले आणि मग बकऱ्यांचं काम आणखी सोपं झालं. लोक हसायचे. पण तेव्हापासून बाबा उन्हाबद्दल एक गोष्ट सांगायला लागले आणि ती ते कोणालाही सांगायचे, चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, पाटी लावायला गेले तिथे. ते म्हणायचे की दरवर्षी ऊन वाढून राहिलं, आणि ते काही नुसतं वरून येत नाही, आपणच त्याला खाली जागा करून देतो. इकडचं आमराईचं रान गेलं, तिकडच्या बाभळी कापसाच्या जिनाच्या बॉयलरमध्ये गेल्या, नाल्यावरची करंजी गेली. धारणीच्या जंगलाकडून सागाच्या गाड्यांवर गाड्या उतरतात त्या तुम्ही मोजत नाही, मग उन्हाळा मोठा झाला म्हणून का ओरडता, असं ते विचारायचे. लोक मान हलवायचे. पेंटरची बायको गेल्यापासून डोकं जरा फिरलं आहे, असं मागे म्हणायचे. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आता बाबांची दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. छप्पन साली ते आणि माय नागपूरला जाऊन बौद्ध झाले. मला आत्याकडे ठेवलं होतं. परत आले तेव्हा मायच्या अंगावर पांढरं लुगडं होतं, तिचं एकुलतं एक पांढरं, आणि तिनं ते नंतर सणालाच नेसायचं म्हणून जपून ठेवलं. त्याआधी बाबांचे गणपती आणि लक्ष्म्या सगळ्या बाजारात नावाजलेल्या होत्या. मिठाईच्या दुकानावर कमळातली लक्ष्मी हवी असेल तर ती बाबांच्याच हातची, असं होतं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी देव काढणं बंद केलं. देव मानणार नाही असा शब्द दिला आहे, मग देव विकायचा कसा, असा साधा हिशेब त्यांचा. गिऱ्हाइकं तुटली. उरली ती नुसत्या अक्षरांची कामं. मायनं यावर एकदाही कुरकुर केली नाही, उलट घरातली एक जुनी गणपतीची पाटी होती ती तिनंच उलटी करून तिच्यावर कणीक मळायला घेतली. बाबा हे फार अभिमानानं सांगायचे. मला त्यात अभिमानासारखं काय आहे ते तेव्हा कळायचं नाही.

मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते त्या वर्षी रस्ता रुंद होणार असं ठरलं. एका सकाळी दोन माणसं आली आणि त्यांनी बाराही निंबांची साल थोडी थोडी तासून तिथे आकडे घातले. झाडं तुटणार हे सगळ्यांना कळलं. हळहळले सगळेच. पाचव्या निंबाखाली एका पानवाल्याची टपरी होती, त्याचं बाबांवर प्रेम होतं. तो बाबांना म्हणाला, "पेंटर, माहं आयका. परतेक झाडावर एकेक मारोती काढून टाका. एकदा का शेंदूर लागला, मंग कोनाची छाती होत नाही कुऱ्हाड लावाची."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या भागात असंच चालतं. झाडाच्या बुंध्याला शेंदूर लागला की ते झाड सरकारचं राहत नाही, ठेकेदाराचं राहत नाही, शेतमालकाचंही राहत नाही. शेंदूर लावलेल्या झाडाला वळसा घालून गेलेले रस्ते मी तेव्हाही पाहिले होते, आजही पाहते.

बाबा शांतपणे म्हणाले, "ज्या मारोतीच्या पारावर मले चढू देलं नाही, त्याले मी माह्या हातानं झाडावर बसवू?" पानवाल्यानं मान खाली घालून पान लावायला घेतलं. मग बाबा थोड्या वेळानं, जणू त्याची समजूत घालत म्हणाले, "अन् या झाडाखाली बसते कोन? मारोती का मानूस? झाड मानसाच्या कामाचं आहे म्हनून वाचलं पायजे. देवाच्या भेवानं नाही."

त्यातूनच त्यांना ते सुचलं. घरी आले आणि मला सरस, म्हणजे रंग धरून ठेवणारा हाडांचा डिंक, भिजत घालायला सांगितला. झाडांवर देव नाही काढायचे, माणसं काढायची. त्या त्या झाडाखाली जे माणूस रोज बसतं ते.

रस्त्याच्या झाडांना तेव्हा कमरेइतक्या उंचीवर चुन्याचा पांढरा पट्टा मारलेला असायचा. बाबांनी त्याच पट्ट्यावर चुन्याचे आणखी तीन-चार हात दिले, गाळलेल्या चुन्यात सरस मिसळून. ते वाळून गुळगुळीत झालं की त्यावर काजळी, गेरू, पिवडी आणि नीळ, तेवढ्याच रंगांत चित्र. ऑइलपेंट टिकला असता, पण ते म्हणाले की तेलाच्या रंगानं सालीचा दम कोंडतो. सरस ढवळायचं काम माझं. त्याचा वास इतका घाण असतो की तीन महिने वर्गातल्या मुली माझ्याजवळ बसायला कुरकुरायच्या. मीही बसवून घ्यायची नाही कोणाला.

पहिल्या निंबावर पंक्चरवाला आला, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघणारा. चौथ्यावर शिंपी, मशीनवर वाकलेला. पाचव्यावर पानवाला स्वतः. एकावर बैल सोडून बंडीखाली झोपलेला गाडीवान, त्याचे नुसते पाय दिसणारे. एकावर बकऱ्यांवाले म्हातारबाबा, ज्यांच्या बकऱ्यांनी बाबांची रोपं खाल्ली होती, आणि बाबांनी बकरीच्या तोंडात मुद्दाम हिरवा पाला काढला होता. प्रत्येक चित्राखाली त्यांच्या सुंदर अक्षरात एकच ओळ, "ही सावली ह्यांची".

लोक वेडे झाले. खरंच सांगते. मिलकडे जाणाऱ्या बाया थांबून थांबून पाहायच्या. शिंपी म्हणायचा पेंटरनं मला तिरळा केला, आणि गिऱ्हाइकांना मुद्दाम चित्राशेजारी उभं करून विचारायचा, सांगा, मी तिरळा आहे का. म्हातारबाबा बकऱ्यांना चित्र दाखवायला घेऊन आले. कोण कोणत्या झाडाचा मालक यावरून भांडणं झाली, आणि ज्यांचं चित्र नव्हतं ते रुसले. एका मास्तरांनी अख्खा वर्ग आणून निंबांखाली बसवला आणि पोरांना सावलीवर निबंध लिहायला लावला. बाबा त्या पोरांनाही उन्हाची गोष्ट सांगत होते, कुठलं रान गेलं, कुठला नाला आटला. पोरं ऐकत होती. मी बाबांना इतकं आनंदात माय गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ज्यांची चित्रं होती त्या सगळ्यांनी झाडं तोडू नका अशा एका अर्जावर सह्या केल्या, अंगठे दिले, आणि बाबा तो अर्ज स्वतः नेऊन देऊन आले.

बाराव्या निंबावर माय.

मायचा फोटो नव्हता. काढायचा राहून गेला होता. बाबांनी तिला आठवून काढलं. इतर चित्रं एका सकाळीत व्हायची, हिच्या नुसत्या चेहऱ्याला तीन दिवस लागले. काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, चुना द्यायचे, वाळू द्यायचे, पुन्हा काढायचे. मला विचारायचे, नाक असंच होतं नं? मी हो म्हणायची. खरं म्हणजे मला नीट आठवत नव्हतं. चार वर्षांत तिचा चेहरा माझ्याकडून निसटत चालला होता आणि हे मी कोणाला सांगू शकत नव्हते. तिसऱ्या दिवशी बाबा बाजूला सरकले आणि मी पाहिलं तर माय होती. बुंध्याला टेकून बसलेली, एका हातात भाकरीचं फडकं, डोळे जरा बारीक केलेले, लांबून कोणी येतंय का बघताना करायची तसे. अंगावर पांढरं लुगडं होतं. त्या लुगड्याला बाबांनी रंगच लावला नव्हता, चुना तसाच ठेवून फक्त काठाची रेघ ओढली होती. मला वाटलं होतं तशी ती सुंदर वगैरे नव्हती. पण तीच होती. तिच्याखाली ओळ वेगळी होती, "इथून पुढे सावली नाही".

शाळेतून मी रोज वाट वाकडी करून तिथे जायची. कोणी नसलं की तिच्याशी बोलायची सुद्धा. पंधरा वर्षांच्या घोडीला हे शोभत नाही हे मला समजत होतं.

अर्जाचं उत्तर आलं नाही. एक साहेब मात्र आले. बाराही झाडं पाहिली, प्रत्येकापुढे थांबले. भला माणूस होता. बाबांना म्हणाले, चित्रं फार उत्तम आहेत, तुमच्यासारखा कलाकार इथे पडून आहे हे वाईट आहे, पण रस्ता व्हायचा म्हणजे होणारच. आणि गेले. चैत्र संपता संपता कुऱ्हाडी आल्या. गावाकडच्या टोकापासून सुरुवात झाली. पंक्चरवाल्याचं झाड पडलं तेव्हा बाबा तिथे उभे होते. दुसरं पडलं तेव्हाही. तोडणाऱ्यांपैकी एकानं म्हणे चित्राकडे बघून हात जोडले नाहीत, पण एवढं म्हटलं की मानूस चांगला काढला. आणि घाव घातला. त्या एका वाक्यावर बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पानवाल्यानं स्वतःच आपल्या झाडावर शेंदूर फासला, आपल्याच चित्राच्या वर, बुंध्याच्या फाट्यात एक दगड बसवून. तोडणारे आले, थबकले, चपला काढून नमस्कार केला आणि सहाव्या झाडाकडे गेले. सगळ्या रस्त्यानं हे पाहिलं. मीही पाहिलं.

बाबांना पुढचं बघवलं नाही. हिवरखेडला एका शाळेच्या भिंतीवर अक्षरं काढायचं काम कधीपासून पडून होतं, ते काढून ते तीन दिवसांसाठी निघून गेले. जाताना मला म्हणाले की त्या रस्त्यानं जाऊ नको, शाळेत दुसऱ्या बाजूनं जा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरावं झाड पडलं होतं.

मी दुकानातून शेंदूर आणला. घरातलं तिळाचं तेल घेतलं. भर दुपारी गेले, कारण त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. आधी मी चित्राच्या बाजूला, सालीवर लावून पाहिलं. ते दिसेचना. काळ्या सालीवर कोणीतरी हात पुसल्यासारखं वाटत होतं. देव म्हणायला काहीतरी आकार लागतो, चेहरा लागतो. आणि चेहरा तिथे एकच होता.

मी काय करते आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. माझं गणित असं होतं की तोडणारे एकदा पुढे निघून गेले की राखेनं, साबणानं हळूच सगळं धुऊन काढू, बाबा यायच्या आत. झाड वाचेल आणि मायही राहील. तेलात कालवलेला शेंदूर मी तिच्या कपाळापासून लावायला घेतला. गालांवर लावला, हनुवटीवर लावला, पांढऱ्या लुगड्यावर लावला. डोळे तेवढे मोकळे ठेवले, कारण देवीचे डोळे मोकळे असतात. तरी डाव्या डोळ्यात थोडा गेलाच.

सरस ढवळणारी मी. चुन्यावर तेल पडलं की ते मुरतं, वर राहत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. वयाच्या आठव्या वर्षापासून बाबा मला सांगत आले होते की चुन्याच्या भिंतीजवळ तेलाचा दिवा ठेवू नको. ते मला त्या दुपारी आठवलं नाही. या गोष्टीला मी आजवर माफी दिलेली नाही.

तोडणाऱ्यांनी झाड सोडलं. मी लांबून पाहिलं. नमस्कार करून, कुऱ्हाडी खांद्यावर टाकून ते निघून गेले. मग मी राख आणि ओलं फडकं घेऊन गेले तर पानवाला तिथे आधीच होता. त्यानं नारळ आणला होता. त्याला माहीत होतं कोणी केलं ते, दुकानदार त्याचा चुलतभाऊ होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला की पोरी, तू पेंटरपेक्षा शहाणी निघाली. आणि नारळ फोडला. त्याच्यासमोर मला फडकं लावता आलं नाही. उद्या पहाटे धुऊ असं म्हणून मी घरी आले.

त्याच संध्याकाळी बाबा हिवरखेडहून परतले, एक दिवस आधीच. एसटी स्टँडवरून घरी यायला त्या रस्त्यानं यायची गरज नव्हती. तरी आले. घरात आल्यावर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, हात दाखव. माझ्या नखांत शेंदूर होता. त्यांनी माझे हात कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पहाटे ते बादली घेऊन निघाले. मी मागे मागे गेले, त्यांनी नको म्हटलं नाही. झाडापाशी दोन बाया आधीच बसलेल्या होत्या, मिलमधल्याच. एकीनं हळद वाहिली होती. बाबांनी फडकं भिजवलं आणि लुगड्याच्या काठापाशी, अगदी खालच्या कोपऱ्यात, हलकेच लावलं. शेंदूर निघाला नाही. चुन्याचा पापुद्रा निघाला, काठाच्या रेघेसकट. बाबा थांबले. तेवढ्यात त्या बायांतली म्हातारी उठली. रागावली नाही ती, समजावणीच्याच सुरात म्हणाली, "तुमी हात नका लावू, पेंटर."

हे वाक्य बाबांनी आयुष्यभर ऐकलं होतं. विहिरीवर ऐकलं होतं, देवळाच्या पायरीवर ऐकलं होतं. आता ते त्यांच्या बायकोच्या चित्रापुढे ऐकावं लागलं, आणि ते माझ्यामुळे. ते सांगू शकत होते की ही देवी नाही, ही माझी बायको आहे, डाळ निवडायची, तुमच्याच शेजारी बसून निवडायची. एवढं म्हटलं असतं तर बाया उठून गेल्या असत्या. आणि दुपारपर्यंत झाडही गेलं असतं. बाबा त्या झाडाकडे बघत उभे राहिले. मग फडकं पिळलं, बादलीतलं पाणी निंबाच्या बुडाशी ओतलं आणि रिकामी बादली घेऊन घराकडे निघाले.

रस्त्यात मला एवढंच म्हणाले, "तुह्या मायले तू देव केलं. झाड वाचलं. आता मी कोनाले काय म्हनू?"

त्यानंतर त्या झाडाचं पुढे जे व्हायचं ते झालं. मातामाय म्हणून लोक त्याला ओळखू लागले. चांदीचे डोळे बसले. दर नवरात्रात शेंदराचे नवे हात चढले, आणि नाक, गाल, भाकरीचं फडकं, सगळं एका गोळ्यात गेलं. खालची ओळ मात्र शेंदूर तिथवर न पोचल्यामुळे कितीतरी वर्षं वाचता यायची. लोक ती देवीचं बोलणं समजायचे. इथून पुढे सावली नाही, म्हणजे माझ्या पायाशी राहा, असा तिचा अर्थ एका गुरवानं मला समजावून सांगितला. मी ऐकून घेतला.

रस्ता रुंद झाला. तुटलेल्या दहांपैकी कोणाच्याही जागी दुसरं झाड लागलं नाही. मिलच्या बाया मात्र जाता-येता त्या एका निंबाखाली टेकायच्या, माठही कोणीतरी ठेवला होता. बाबा रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालायचे. भर उन्हात, डोक्याला पंचा बांधून. त्या झाडाच्या सावलीत त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. एकदा मी म्हटलं की बाबा, ऊन लागेल. ते म्हणाले, बाया बसतात सावलीत, बसू दे. झाडावर किंवा उन्हावर ते नंतर कोणाशी बोलले नाहीत. मास्तर पुन्हा पोरांना घेऊन आले होते, तर बाबांनी काम आहे म्हणून सांगितलं. काम काही नव्हतं.

मी मॅट्रिक झाले, अमरावतीला ड्रॉइंगच्या मास्तरणीचा कोर्स केला आणि तिथेच शाळेत लागले. लहान मुलांना पहिल्यांदा घरातली माणसं काढायला सांगायची, अशी पद्धत होती. मुलं विचारायची, बाई, तुम्ही तुमची आई काढून दाखवा. मी फळ्यावर एक बाई काढायची, कुंकू लावलेली, अंबाडा घातलेली, कोणाचीही असू शकेल अशी. मुलांना चालायचं. मी डोळे मिटून खूप प्रयत्न केला आहे. डोळे मिटले की मला तो चित्रातला चेहरा आठवायला हवा. पण आठवतं ते त्याच्यावर फिरणारं माझं बोट.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चांगला जाड कागद आणि पेन्सिली घेऊन अकोल्याला गेले. बाबा आता कामं कमी घ्यायचे. दोन दिवस मी विषय काढू शकले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, दार लावून आत बसलो होतो तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं की बाबा, मी चुकली. मायले एकदा पुन्हा काढून द्या. मले आठवत नाही ती.

मला वाटलं उठून जातील. ते गेले नाहीत. पेन्सिलीला धार केली आणि काढायला बसले. पाय आधी काढले, एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. ते मी विसरून गेले होते, बघितल्यावर आठवलं. मग लुगड्याच्या निऱ्या, गुडघ्यावर ठेवलेला हात, बांगड्या, फडक्याची गाठ. खांदा आला. कान आला, मागे केसांची गाठ आली. हात जराही अडखळत नव्हता. मग चेहऱ्याची कड ओढून झाली आणि पेन्सिल कागदाच्या वर थांबली. मी नाकाबद्दल काहीतरी बोलावं, आठवण द्यावी, असं मला वाटलं, पण देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आता मलेही शेंदूरच दिसते," ते म्हणाले.